घोडनदीकाठचं बाळ

आळेफाटा

आळेफाट्याला जीप थांबली तेव्हा मला डुलकी लागली होती. जानेवारीतली सकाळ होती. काचांवर धुकं साचलं होतं आणि समोरून येणाऱ्या ट्रकांचे दिवे त्यातून झेंडूच्या फुलांसारखे उमलत, जवळ येत आणि विझून जात. माझ्या मांडीवर जुन्या दुपट्यात गुंडाळलेलं एक मडकं होतं. पुण्याहून निघाल्यापासून मी त्याला दोन्ही हातांनी धरून बसले होते, कारण ते तीन हजार वर्षांपूर्वीचं होतं आणि एकेक तुकडा जोडून उभं केलेलं होतं.

चहा घेऊन आलेल्या हॉटेलवाल्या बाईंनी आत डोकावलं आणि आवाज एकदम खाली आणला.

"निजलंय व्हय? काच वर घ्या ताई, गारठा लई हाय."

मी काच वर घेतली. खरं काय ते सांगायला हवं होतं, पण जीभ उचलेना. शिवाय ते अगदीच खोटं नव्हतं. त्या मडक्यात एके काळी खरोखरच एक बाळ होतं.

मी पुण्यातल्या एका पुरातत्त्व संस्थेत मुद्रितं तपासते. दुसऱ्यांनी जमिनीतून काढलेल्या गोष्टींमधले ऱ्हस्वदीर्घ बघते. उत्खननाला कधी गेले नाही, आणि कुणी नेलंही नाही. या खेपेला मात्र कामतसरांनी स्वतः येऊन विचारलं. ते आमच्याकडचे उत्खननवाले, पन्नाशीकडे झुकलेले, पुटपुटत बोलणारे. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत त्यांनी उमेदीची वर्षं काढली. त्यांच्या मनात आलं होतं की जिथून वस्तू आणल्या तिथल्या लोकांना त्या नेऊन दाखवाव्यात. एक जीप, एक स्लाइड प्रोजेक्टर, चार पेट्या खापरं आणि दगडाची हत्यारं, एवढं जमलं. पाट्या मराठीत लिहायला माणूस हवं होतं, म्हणून मी.

जीप चालवणारे शिंदे चहा पिऊन आले आणि आम्ही नगरच्या रस्त्याला वळलो.

राजुरी

राजुरीच्या शाळेत मोठी खोली मिळाली होती. खिडक्यांना घोंगड्या लावून भरदुपारी अंधार केला. शाळकरी मुलं पुढे, म्हातारी माणसं मागे बाकांवर, बायका दाराशी. कामतसर पडद्याकडे तोंड करून बोलत होते. तिसरं चित्र पडद्यावर आलं आणि वीज गेली.

"लाइट आता पाचला," मागून कुणीतरी शांतपणे सांगितलं. भारनियमनाचं वेळापत्रक गावाला पाठ होतं, आम्हाला नव्हतं.

घोंगड्या काढल्या. ऊन आत आलं आणि कामतसर त्यात उघडे पडल्यासारखे उभे राहिले. चित्रांशिवाय काय बोलावं ते त्यांना सुचेना. तेवढ्यात लोक आपणहून उठले आणि टेबलांपाशी आले. नानाभाऊ नावाचे एक वयस्क शेतकरी होते, खांद्यावर उपरणं, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. ते मडक्यासमोरची माझी पाटी बोट ठेवून वाचू लागले.

"ताम्र... पाषाण... युगीन... शिशु... दफन... कुंभ." धापा टाकल्यासारखं करून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "म्हंजी काय वो ताई?"

"लहान बाळ गेलं की त्याला ज्यात पुरायचे, ते मडकं."

"मग तसं लिवा की."

लोक हसले, मीही हसले, पण कान गरम झाले. चार दिवस घासून घासून लिहिलेली पाटी होती ती.

नानाभाऊ पुढच्या टेबलाकडे गेले. तिथे काचेच्या बरणीत करड्या रंगाची भुकटी होती. तिची पाटी त्यांनी वाचलीच नाही. झाकण काढून चिमूट घेतली आणि दोन बोटांत चोळली. "आरं, ही तर आमची भांडी घासायची राख! कुकडीच्या दरडीतली. आमची आई पाटीभर आणून ठेवायची. तांब्या कसा लखलखायचा!"

कामतसरांचा चेहरा उजळला. तिथून पुढे स्लाइड, पडदा, सगळं राहिलं. दहा-बारा माणसं आणि आम्ही, असे नदीकडे निघालो. काही जीपमध्ये, काही मागून मोटारसायकलींवर. उसाच्या फडांमधून, मग कांद्याच्या वाफ्यांच्या बांधावरून. कांद्याची पात इतकी निळसर हिरवी होती की उन्हातही ती चांदण्यातल्यासारखी दिसे. नदी खाली पसरट, संथ, जणू कुठे जायचं ते विसरून गेलेली. दरडीच्या मातीत एक फिकट पट्टा होता, पाटीवर खडूने ओढलेल्या रेघेसारखा.

कामतसर त्या पट्ट्यावर हात ठेवून सांगू लागले. समुद्रापलीकडे, फार लांबच्या एका बेटावर एक डोंगर फुटला. त्याची राख आभाळात इतकी उंच गेली की वाऱ्याने ती इथवर आणली. दिवसच्या दिवस राख पडत राहिली असेल. नदीने ती गोळा करून इथे निजवली. किती वर्षांपूर्वी, यावर विद्वानांचं अजून एकमत नाही, पण तेव्हाही या काठावर माणसं दगडाची हत्यारं घेऊन हिंडत होती.

नानाभाऊंनी त्या पट्ट्यातली चिमूट उचलली. मग म्हणाले, "म्हंजी सातासमुद्रापल्याड डोंगर पेटला, आन त्याची राख आमच्या आईच्या तांब्याला लागली."

कामतसरांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. मी त्या पट्ट्याला तळहात लावला. तो गार आणि मऊ होता, पिठाच्या डब्यात हात घालावा तसा. डोळे मिटले तर वाटलं, अजून पडतेच आहे ती राख, आवाज न करता, आपल्या खांद्यांवर.

संध्याकाळी मी सगळ्या पाट्या फाडून नव्याने लिहायला घेतल्या.

जुन्नर

जुन्नरला आम्ही बाजारपेठेजवळच्या एका सभागृहात मांडामांड केली. इथे वीज टिकली आणि कामतसरांची चित्रं शेवटपर्यंत चालली. पण शिवनेरीच्या पायथ्याशी वाढलेल्या माणसांना इतिहासाचं फार अप्रूप नसतं. सभोवतालच्या प्रत्येक डोंगरात लेणी. घराचा पाया खणला तरी कुणाच्या ना कुणाच्या हाताला काहीतरी लागतं. लोक आले, बघून गेले, एकाने आमच्याच खापराच्या पाटीवरची चूक दाखवली.

गर्दी ओसरल्यावर एक वृद्ध गृहस्थ खुर्ची ओढून टेबलापाशी बसले. पांढरी दाढी, पांढरी टोपी, स्वच्छ धुतलेला सदरा. त्यांना सगळे रशीदचाचा म्हणत. त्यांच्या घराण्यात पूर्वी हातकागद बनायचा. त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक कागद काढला आणि माझ्या हातात दिला. दादांनी, म्हणजे आजोबांनी बनवलेला, म्हणाले. जाडसर, सायीच्या रंगाचा, बोटाने हलवला की धान्य सांडल्यासारखा आवाज करणारा. उजेडाकडे धरल्यावर त्यात आडव्या बारीक रेघा दिसल्या. मी आयुष्यभर कागद हाताळत आले, पण असा कागद पाहिला नव्हता.

"चाचा, यावर काही लिहिलेलं का नाही?" मी विचारलं.

"लिहिणारे दुसरे असायचे बाई. आमच्या दादांनी हजारो कागद केले. ते गेले पुण्याला, कुठंकुठं, मोठ्या मोठ्या दफ्तरांत. त्यावर काय लिहिलं, ते दादांना कुणी वाचून दाखवलं नाही. बनवणाऱ्याला कोण विचारतो?" हे त्यांनी कुरकुर म्हणून सांगितलं नाही. मग ते कामतसरांकडे वळले. "साहेब, हे बाळाचं मडकं कुठलं?"

"अवसरीजवळचं. चौदा-पंधरा वर्षं झाली काढून."

"त्याच्यावर तुम्ही काही लिहिलं असेल."

"लिहिलं ना. अहवाल छापला. इंग्रजीत."

"मग ज्यांच्या रानातून काढलं, त्यांना वाचून दाखवला?"

कामतसर टेबलावरची खापरं सरळ करू लागले. रशीदचाचांनीही पुन्हा विचारलं नाही. त्यांनी आम्हाला घरी नेलं, चहा आणि खारी दिली. आमच्याकडे पाहुणा निघाला की दारापर्यंत जातात. रशीदचाचा गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत आले आणि जीप वळेपर्यंत हात वर करून उभे राहिले.

मुक्कामावर पोचल्यावर कामतसरांनी बॅगेतून अहवाल काढला आणि त्या मडक्याचं प्रकरण उघडून माझ्यापुढे ठेवलं. "मालतीबाई, उद्या अवसरीला हे मराठीत सांगाल? माझ्याच्यानं नीट जमणार नाही."

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी लॉजच्या गच्चीवर शाल पांघरून ते वाचत बसले. शिवनेरी धुक्यात निम्मा बुडाला होता. पायथा नसलेला किल्ला, हवेत तरंगणारा. मी एकेक वाक्य मनात मराठीत आणत होते. कोरडी, मोजमापांची वाक्यं होती. पण मराठीत येताना त्यांना हातपाय फुटत होते. इन्फंट लिहिलं होतं तिथे बाळ आलं. मँडिबल होतं तिथे हनुवटी आली. आणि मग पुढचं वाचणं अवघड जाऊ लागलं.

अवसरी बुद्रुक

अवसरीला पोचल्यावर कामतसरांना आधी जुनी जागा पाहायची होती. गावापासून थोडं लांब, घोडनदीच्या बाजूला, पांढऱ्या मातीचं एक टेकाड होतं. जिथे जुनी वस्ती बसून माती झालेली असते, त्या जागेला इकडे पांढर म्हणतात. तिथेच त्यांनी खड्डे घेतले होते. आता खड्डे बुजलेले, टेकाड निम्मं सपाट झालेलं आणि सगळीकडे बटाटा आणि कांदा. कामतसर जुना नकाशा हातात धरून वाफ्यांतून पूर्वेला गेले, पश्चिमेला गेले, एका पाटात पाय जाऊन घोट्यापर्यंत भिजले. जिथे तीन वर्षं राबले, ती जागा त्यांना सापडेना.

"तिकडं न्हाई सायेब. हितं."

बांधावर एक बाई उभी होती. पस्तिशीची, उंच, पदर कमरेला खोचलेला, हातात खुरपं. ती चालत आली आणि दोन वाफ्यांमधल्या एका जागी थांबली.

"बाळाचं मडकं हितनं निगालं. पल्याड चूल व्हती. आन हितं तुमी छत्री लावून बसायचा." तिने सरांना नीट न्याहाळलं. "मिशी काडली व्हय तुमी?"

हौसाबाई तिचं नाव. रान त्यांचंच. खोदकामाच्या तिन्ही हिवाळ्यांत ती कामाला होती. कामतसरांना तिचा चेहरा आठवेना. ते त्यांनी कबूल केलं. ती म्हणाली, "आमी खाली मान घालून काम करायचो, तुमाला कसा ठावा असंल?"

दुपारी देवळाच्या सभामंडपात सगळं मांडलं. मडकं मधोमध. हौसाबाई आली, मडक्यासमोर बसली आणि तिने पदराने त्याच्या काठावरची धूळ टिपली. मी 'हात लावू नका' म्हणणार होते, पण म्हटलं नाही.

मग मी वाचायला सुरुवात केली. खरं तर सांगायलाच. मंडपात पन्नासेक माणसं असतील, निम्म्याहून जास्त बायका. "तीन हजार वर्षांपूर्वी इथे कुडाच्या भिंतींचं एक गोल घर होतं. त्या घरातलं बाळ गेलं. त्याला लांब नेलं नाही. घरातच, जमिनीखाली, दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवली आणि त्यांत त्याला निजवलं. त्यांतलं हे एक. शेजारी तोटीचं एक लहान भांडं ठेवलं, पाणी प्यायला. खालच्या हिरडीत दोन दात नुकते वर आले होते."

"दात येतानाच गेलं म्हना," एक म्हातारी म्हणाली.

"जुलाब लागत्यात दात येताना," दुसरी म्हणाली. "आमच्या थोरल्याला मरणाचे लागले व्हते."

"पोरगा व्हता का पोरगी?"

मी कामतसरांकडे पाहिलं. "एवढ्या लहान हाडांवरून ते सांगता येत नाही," ते म्हणाले. "कुणालाच येत नाही."

"लेकरू ते लेकरू," म्हातारी म्हणाली, आणि तो प्रश्न संपला.

मी शेवटच्या परिच्छेदाकडे आले. "आसपासच्या घरांतल्या इतर बाळांच्या गळ्यात मणी मिळाले. या बाळाच्या गळ्यात काहीच नव्हतं. त्यावरून दिसतं की हे घर सगळ्यांत गरीब असावं. दुष्काळाची वर्षं असतील. आईबापांकडे बाळाबरोबर द्यायला काही उरलं नसावं."

हौसाबाई उठली. शेजारच्या बाईने हात धरला, तो तिने सोडवला आणि ती उन्हात निघून गेली. मला वाटलं, माझ्या सांगण्यात काहीतरी कठोर गेलं. परत परत आठवून पाहिलं, पण शब्द सापडला नाही.

हौसाबाईंच्या घरी

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पेट्या भरत होतो, तेव्हा एक मुलगी आली. शाळेचा गणवेश, दोन वेण्या, नववीत शिकणारी. सारिका, हौसाबाईची लेक. "आईनं जेवाया बोलावलंय. जेवल्याबिगर जायचं न्हाई म्हणली."

घर रानातच होतं. पुढे पत्र्याचा गोठा, दोन म्हशी, दारात शेवंती. पडवीत बाजेवर हौसाबाईची सासू बसली होती, इतकी सुकलेली आणि हलकी की वाऱ्याने उडू नये म्हणून कुणी तिच्यावर वाकळ ठेवली असावी असं वाटे. नवरा, किसनराव, ट्रॅक्टर घेऊन कुणाच्या तरी नांगरटीला गेले होते.

हौसाबाईने मासवडीचा बेत केला होता. मी पुण्यात मासवडी खाल्ली होती, पण ती ही नव्हे. बेसनाची उकड ओल्या फडक्यावर थापायची, आत तीळ, खोबरं, लसूण यांचं सारण भरायचं, गुंडाळी करून सुरीने वड्या पाडायच्या. वडी कापली की खरंच मासोळीच्या आकाराची. सोबत काळ्या मसाल्याचा रस्सा आणि बाजरीची भाकरी. आमच्याकडे पाहुण्याला 'अजून घ्या' म्हणतात. इथे विचारत नाहीत, वाढतात. शिंदे घाम पुसत जेवत होते. कामतसरांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तरी ते रस्सा मागत होते. हौसाबाई मात्र मान खाली घालून वाढत होती.

आमचे हात धुऊन झाल्यावर ती समोर येऊन बसली.

"सायेब, काल तुमच्या कागदातलं वाचलं, त्ये खोटं हाय."

"कुठलं?"

"गळ्यात काय नव्हतं म्हून. व्हतं. पाच मणी व्हते."

कामतसर हातातला पंचा तसाच धरून राहिले.

"बाळ काडलं त्या दिशी मडक्याजवळची माती मी घमेल्यात भरीत व्हते," ती सांगू लागली. "मला पाचवा म्हैना व्हता. तुमी लोक फोटू काडत व्हता, गलका चाललेला. सांजच्याला घरी येऊन पातळ सोडलं, तर वटीतनं पाच मणी खाली पडलं. कवा आलं, कसं आलं, देवाशपथ ठावं न्हाई. मातीच्या ढेकळासंगं आलं असत्याल. मी म्हणलं, उद्या देऊन टाकू. सासू म्हणली, वटीत आपून आलंय. वटीतलं माघारी देत नसत्यात."

बाजेवरची म्हातारी ऐकत होती. तिने होकारार्थी मान हलवली.

"मग ही झाली. पैल्या दिवसापून हिच्या गळ्यात घातलं. हिला कदी ताप न्हाई, काय न्हाई. आमी म्हणलं, त्या बाळानं दिलं हिला." हौसाबाई थांबली. तिने पदराने तोंड पुसलं. "पर काल ताईंनी वाचलं, आईबापाकडं द्यायला काय नव्हतं म्हून. व्हतं की वो सायेब! सजवून धाडलं व्हतं त्यांनी आपल्या लेकराला. मी त्यास्नी भिकारी केलं. समद्या जगात छापून आलं, ते गरीब व्हते म्हून."

गोठ्यात म्हैस मान हलवत होती आणि तिच्या गळ्यातली साखळी वाजत होती. कामतसरांनी पंच्याची घडी घातली, परत उलगडली. मला भीती वाटली की ते रागावतील. कायद्याने असं काही घरात ठेवता येत नाही, हे मलाही माहीत होतं.

"चौदा वर्षं मी मुलांना शिकवतोय," ते शेवटी म्हणाले, "की त्या घरात काही नव्हतं." मग त्यांनी हौसाबाईकडे पाहिलं. "चूक माझी आहे. संध्याकाळी काम सुटताना तुम्हाला विचारायला हवं होतं, काय दिसलं, काय लागलं. आम्ही फक्त सांगायचो, हे उचला, तिथे ठेवा. पण हौसाबाई, ते मणी आता इथे ठेवता येणार नाहीत. मी हिसकावून नेणार नाही, पण ते त्या बाळाजवळ असायला हवेत."

सारिका दारात उभी होती. तिचा हात गणवेशाच्या गळ्याशी गेला. "माझं हाय ते. मी अंघोळीलाबी काडत न्हाई." आणि मग अगदी बारीक आवाजात, "काडल्यावर मला काय झालं तर?"

या प्रश्नाला आमच्या संस्थेतल्या कुठल्याच पुस्तकात उत्तर नव्हतं. कामतसर हसले नाहीत, आणि याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटला.

बोलली ती म्हातारी. "हिकडं ये." सारिका गेली. म्हातारीने तिच्या गालांवरून हात फिरवला. "मीच म्हणलं व्हतं ठेवा म्हून. आता मीच म्हणते. त्या लेकरानं तुला राखायला दिलं व्हतं, कायमचं न्हाई. तू थोर झाली. आता त्याचं त्याला दे. तुला काय व्हनार न्हाई."

सारिकाने दोरा बाहेर काढला. काळ्या दोऱ्यात चार लाल मणी, अकिकाचे, आणि मधे एक पांढरा, शंखाचा. इतकी वर्षं एका जिवंत अंगावर राहून ते गुळगुळीत झाले होते. कामतसरांनी हात पुढे केला नाही. सारिकाही दोरा सोडेना.

"मी देनार," ती म्हणाली, "पर मीच घालनार. बाळ कुटंय?"

पुणे

किसनराव दुपारी आले, सगळं ऐकलं, डोक्यावरची टोपी काढून परत घातली आणि म्हणाले, "जावा मग. पर उद्याच्या धारेला माघारी या." हौसाबाईने नवं पातळ नेसलं. सारिका शिंद्यांशेजारी पुढे बसली, हौसाबाई मागे माझ्याजवळ. मडकं या वेळी तिच्या मांडीवर होतं. मंचर गेलं, खेड गेलं. रस्त्याच्या कडेचं सगळं उन्हात विरघळत मागे जात होतं. एकदा हौसाबाईने विचारलं, "घराखाली का पुरलं असंल वो, लांब न्हाई न्हेलं?" मी म्हटलं, कुणालाच नक्की माहीत नाही. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "रातचं रडलं तर ऐकाया याया पायजे ना." त्यानंतर तिला झोप लागली.

संस्थेच्या मागच्या बाजूला साठवणीच्या खोल्या आहेत. मी तिथे वर्षानुवर्षं कामाला आहे, पण त्या खोलीत पहिल्यांदा गेले. छतापर्यंत फडताळं, त्यांत पत्र्याच्या पेट्या, प्रत्येकीवर आकडे. कामतसरांनी एक पेटी काढून खिडकीखालच्या टेबलावर ठेवली. झाकण उघडलं, वरचा कापूस बाजूला केला.

तांदळाच्या कणीएवढे दोन दात होते. पातळ करवंटीसारखे कवटीचे तुकडे. ज्वारीच्या धाटाच्या सालीसारख्या बरगड्या. सगळं मिळून एका ओंजळीत मावेल एवढं.

कामतसरांनी सारिकाला दाखवलं, गळा कुठे असेल ते. तिने गाठ सोडली. दोरा काढून घेतला आणि एकेक मणी कापसावर ठेवला. चार लाल, मधे पांढरा. ठेवून झाल्यावर तिने आपल्या रिकाम्या गळ्यावरून हात फिरवला आणि ती तशीच उभी राहिली. तिला काही झालं नाही. कामतसर चष्मा पुसत होते. ते म्हणाले, "मी नव्याने लिहीन. त्यात तुम्हा दोघींचं नाव असेल. आणि छापायच्या आधी येऊन वाचून दाखवीन." सारिकाने मान डोलावली.

हौसाबाई काही ऐकत नव्हती. ती टेबलाच्या कडेला दोन्ही हात टेकून वाकली होती. खिडकीतून येणारं उतरतं ऊन पेटीत पडलं होतं आणि कापूस सोनेरी झाला होता. मग ती बोलली, ती आमच्याशी नव्हे.

"लई बारीक हाय गं बाई," ती म्हणाली. "मला वाटलं व्हतं, एवढ्या वर्सांत जरा मोठं झालं असंल."